सगळ्यांच्या मागून भरलेला अर्ज

नवऱ्याला माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत. लग्नाआधी मी कोणावर जीव टाकून बसले होते ते बहिणीला माहीत आहे. आईला तर मी दारातून आत येतानाच कळतं की आज काहीतरी बिनसलंय. पण ही एक गोष्ट — ही त्यांच्यापैकी कोणाच्याही कानावर गेलेली नाही. कधी ओठांपर्यंत आली आणि गिळली, असंही नाही. ती आत कुठेतरी पडून असते, मी माझी कामं करत असते. आम्ही एकमेकींच्या वाटेला जात नाही.

मग तुम्हाला का सांगतेय? नक्की माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि तुम्ही मध्येच "अगं, होतं असं" म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवणार नाही, असं मला उगाच वाटतंय.

गोष्ट म्हटली तर एका वेब फॉर्मची आहे. हसू नका. नाव, जन्मतारीख, शाळा, दहावीचे मार्क, मोबाइल नंबर आणि खाली एक निळं बटण — "अर्ज पाठवा". एवढंच. एवढ्याशा गोष्टीत माणसाच्या हातून असं काय वाईट होणार? मलाही तसंच वाटायचं.

मी डहाणूची. पप्पा रेल्वेत होते, आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. बी.एस्सी. आय.टी. केलं, बोईसरला एका कंपनीत काही दिवस डेटा एंट्री केली, लग्न झालं आणि मग इथे लागले. चिखल्याच्या रस्त्याला मुलींचं वसतिगृह चालवणारी एक संस्था आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, संस्थेचा यात काही दोष नाही. तिथे मी कॉम्प्युटर बघते. "कॉम्प्युटर बघणं" यात आमच्याकडे काय काय येतं विचारू नका — प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून भाऊंच्या नातीच्या शाळेचा प्रोजेक्ट सजवून देण्यापर्यंत सगळं. भाऊ म्हणजे आमचे सेक्रेटरी. वयस्कर, मऊ बोलणारे, कॉम्प्युटरला जरा घाबरणारे. आणि त्यामुळेच मला फार मानणारे.

वसतिगृह अकरावी-बारावीच्या मुलींसाठी आहे. तलासरी-डहाणूच्या आतल्या पाड्यांवरच्या मुली दहावी होतात आणि कॉलेज लांब पडतं म्हणून तिथेच थांबतात. इथे राहायचं, जेवायचं, जवळच्या कॉलेजात जायचं. आधी अर्ज कागदावर यायचे. आईबाप कामाचा दिवस बुडवून, दोन गाड्या बदलून अर्ज द्यायला यायचे आणि एखादी झेरॉक्स राहिली म्हणून परत जायचे. मीच भाऊंना म्हटलं, ऑनलाइन करू या की. मी बनवते.

आणि बनवलं. व्हिडिओ बघून, अडखळत, पुन्हा पुन्हा मोडून बनवलं. माझ्या हाताने केलेली ती पहिलीच पुरी वस्तू होती. भाऊंनी मीटिंगमध्ये सगळ्यांना पडद्यावर दाखवली, टाळ्या वाजल्या, कोणीतरी म्हणालं, मुंबईला पाठवू नका हो हिला. मी घरी येऊन नवऱ्याला ते वाक्य तीनदा सांगितलं असेन. त्या टाळ्यांची मला किती गरज होती, हे तुम्हाला कळलं पाहिजे. सबब म्हणून नाही सांगत. पुढे मी जे केलं ते कशाला चिकटून राहण्यासाठी केलं, ते कळावं म्हणून सांगतेय.

काळजी घेतली नाही असं नाही हं. फॉर्ममध्ये माणूस काय टाकेल याचा भरवसा धरायचा नाही, ही आमच्या कामातली पहिली शिकवण. नावाच्या जागी कोणी आकडे टाकेल. जन्मतारीख म्हणून उद्याची तारीख टाकेल. आणि एखादा विघ्नसंतोषी मुद्दाम असं काही टाइप करेल की आतली सगळी माहिती पुसून जाईल. मी प्रत्येक चौकटीवर पहारा बसवला होता. नावाच्या पुढेमागे राहिलेली मोकळी जागा आपोआप काढून टाकायची. मोबाइल दहा आकडीच हवा. मार्क शंभर टक्क्यांच्या वर गेले की लाल अक्षरं. चोरांचा बंदोबस्त मी अगदी चोख केला होता.

सुरुवातीलाच एक कटकट झाली. आमच्याकडे नेटवर्क रडतखडत चालतं. बटण दाबलं की काहीच होत नाही, मग माणूस पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. एकाच मुलीचे तीन-तीन अर्ज येऊन पडायला लागले. ऑफिसातल्या बाई वैतागल्या. मी म्हटलं, थांबा, करते. चार ओळी लिहिल्या. त्याच मोबाइल नंबरवरून पुन्हा अर्ज आला, तर तो त्याच माणसाचा समजायचा. जुना काढून टाकायचा आणि त्या जागी नवा ठेवायचा. कोणी चूक सुधारून दुसऱ्यांदा पाठवला तरी सोय होते. आणि पाठवणाऱ्याला दरवेळी हिरव्या पट्टीत दिसायचं — "आपला अर्ज मिळाला. धन्यवाद."

तपासून बघितलं का? बघितलं ना. माझा नंबर टाकला, नवऱ्याचा टाकला, आईचा, पप्पांचे दोन्ही टाकले. सगळं मस्त चाललं. आमच्या घरात माणसांपेक्षा नंबर जास्त आहेत.

तलासरीच्या बाजूला, हायवे सोडून बरंच आत, एक पाडा आहे. तिथले पुष्कळ पुरुष गुजरातकडे बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि मोसम संपेपर्यंत येत नाहीत. फोन घरोघरी आहेत. पण रिचार्ज संपला की सिम बंद पडतं, पुढच्या खेपेला दुसरं सिम, दुसरा नंबर. त्यामुळे पाड्यात कायम लागणारा नंबर एकच — रमीलाताईंचा. त्या आशा सेविका म्हणून काम करतात, त्यांचा फोन चालू असावाच लागतो. म्हणून रेशनला तोच नंबर, गॅसला तोच, शाळेत तोच, दवाखान्याच्या केसपेपरवर तोच. कोणासाठी फोन आला की रमीलाताई अंगणातून हाक मारतात. पाण्याला जशी सगळ्यांची एक विहीर, तसा हा सगळ्यांचा एक नंबर. त्यात तिथे कोणाला काही विशेष वाटत नाही.

त्या वर्षी पाड्यातल्या पाच मुली दहावी झाल्या. त्यांत एक रमीलाताईंची दर्शना. पाचही जणींचे फॉर्म रमीलाताईंनी स्वतःच्या फोनवरून भरले. पाण्याच्या टाकीपाशी रेंज येते, तिथे बसून. प्रत्येक फॉर्मवर मोबाइल नंबर आपलाच टाकला. दुसरा कोणाचा टाकणार होत्या? पाचही वेळा हिरवी पट्टी आली. पाचही वेळा मी त्यांना धन्यवाद म्हटलं. आणि दरवेळी आधीच्या मुलीला काढून तिच्या जागी पुढची ठेवली.

माझ्याकडे एकच अर्ज उरला. सगळ्यांत शेवटी भरलेला.

इथवरची गोष्ट मी चारचौघांत सांगू शकले असते. ही चूक आहे. मोठी आहे, पण चूक आहे, आणि आमच्या धंद्यात माणसं आपल्या चुका चहा पिता पिता हसत सांगतात. "अगं माझं तर काय झालं माहितेय का" — अशी. मी इथेच थांबले असते तर तुम्हाला बोलावून सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

निवडीच्या चाचणीचे मेसेज गेले. रमीलाताईंच्या फोनवर एकच आला, दर्शनाचा. बाकीच्या चौघींच्या आयांना त्या सांगत राहिल्या की येतील, एकेक येत असतील. चाचणी झाली, यादी लागली. यादीत दर्शना होती. मग एके दिवशी दुपारी रमीलाताई ऑफिसात आल्या. बरोबर त्यांची जाऊ मंजुळा आणि आणखी एक बाई. गाडीतून उतरून उन्हात चालत आल्या होत्या. मी पाणी दिलं. मी त्या वेळी अगदी चांगली वागले, हे मला नीट आठवतं.

रमीलाताई शांतपणे बोलल्या. तक्रारीचा सूर नव्हता. "मॅडम, पाची पोरींचे फॉर्म मीच भरले. ह्या दोघी तिथंच होत्या. मेसेज तं एकच आला. बाकीचे कुठं ऱ्हायले बघा ना जरा."

मी त्यांच्या नंबराने शोधलं. एक ओळ आली. दर्शना. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मला खरंच वाटत होतं की बाकीचे त्यांनी भरलेच नसतील, किंवा बटण दाबायचं राहिलं असेल. हे त्या क्षणापर्यंत.

मी पुष्कळ दिवस स्वतःला असं सांगत होते की मला त्या संध्याकाळी कळलं. त्या गेल्यावर, घरी, पोळ्या लाटताना वगैरे. हे मी इतक्यांदा सांगितलं की पोळपाटसुद्धा डोळ्यांसमोर यायला लागला. ते खोटं आहे. मला त्या समोर बसल्या असतानाच कळलं. रमीलाताई पुढे म्हणाल्या, "सगळ्यांचे आधी भरले. आमचे दर्शनाचा मागून भरला." आणि "मागून" हा शब्द कानावर पडला तेव्हा त्या चार ओळी माझ्यासमोर जशाच्या तशा आल्या. एक नंबर, एक माणूस. जुना काढा, नवा ठेवा.

बाईने आधी लोकांच्या मुलींचे फॉर्म भरले. स्वतःची मुलगी शेवटी ठेवली. रेंज जाते की राहते, फोनची बॅटरी पुरते की नाही, माहीत नसताना. ती जर आपल्या मुलीचा आधी भरून मोकळी झाली असती, तर दर्शनाचा अर्ज पुसला गेला असता आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीचा उरला असता. मग रमीलाताईंकडे बोट दाखवायची कोणाची छाती झाली असती?

तेव्हा काय करायला हवं होतं ते सांगायला मोठ्या अकलेची गरज नाही. भाऊ शेजारच्याच खोलीत होते. जागा अजून शिल्लक होत्या, दुसरी यादी लागायची होती. उठून आत जायचं, म्हणायचं, भाऊ, माझी चूक झालीय, चौघींची चाचणी घ्या. भाऊ ओरडलेही नसते. फार तर चष्मा काढून पुसला असता. एवढंच करायचं होतं.

मी उठले नाही. मी काय म्हटलं ते सांगते. शब्दन् शब्द आठवतो, कारण मी तो फार गोड आवाजात म्हटला होता. मी म्हटलं, "ताई, भरले असते तर इथे दिसले असते ना. कॉम्प्युटरला काय कळतंय तुमची मुलगी कोण आणि दुसऱ्याची कोण."

रमीलाताईंनी मुद्दाम फक्त आपल्या मुलीचाच पाठवला असेल, हे तोपर्यंत कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मंजुळाच्या नाही, त्या दुसऱ्या बाईच्याही नाही. त्या तिघी एका बाजूला होत्या आणि माझा कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला. माझ्या वाक्यानंतर मंजुळाने स्क्रीनकडे बघितलं, मग रमीलाताईंकडे. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुझे पोरीचा तं बरोबर गेला ना, रमीला."

रमीलाताईंनी पर्समधून फोन काढला, उगाच काहीतरी वर-खाली केलं आणि परत ठेवला. त्यात दाखवण्यासारखं काय असणार? हिरवी पट्टी आली आणि गेली, ती कुठे साठून राहत नाही. तीही मीच तशी बनवली होती.

त्या बाहेर पडल्या तेव्हा दोघी पुढे आणि रमीलाताई मागे, अशा चालत गेल्या. मी खिडकीतून बघितलं. मग डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती, आणि मी ती सगळी संपवली.

तुम्ही विचाराल, वाईट वाटलं का? इथे मला थांबावं लागतं. दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर ओठाला बोट लावून बघतो, आपलाच ओठ असतो पण दुसऱ्या कोणाचा वाटतो — तसं झालं होतं. रडू आलं नाही. झोप लागली. लोक म्हणतात मन खातं. माझं खाल्लं नाही. अजूनही खात नाही. मला याचीच थोडी भीती वाटते, पण तीही थोडीच.

त्याच दिवशी, ऑफिस सुटायच्या आत, मी त्या चार ओळी बदलल्या. आता नुसता नंबर नाही, नाव आणि जन्मतारीखही जुळली तरच तो अर्ज तोच समजायचा. पाच मिनिटांचं काम होतं. हे मी आधी का केलं नाही? कारण मला तसं सुचलं नाही. आणि सुचलं नाही, कारण पाच घरांचा एक नंबर असू शकतो हे मला डहाणूत जन्म काढून माहीत नव्हतं. तलासरी इथून कितीसं लांब आहे?

बदलल्यावर तरी गप्प बसायचं. पण दोनेक दिवसांनी भाऊंनी मला आत बोलावलं. रमीलाताईंनी त्यांना फोन केला होता. भाऊ म्हणाले, "ती बाई खोटं बोलणारी वाटत नाही गं. आपल्याकडेच काही गडबड नाही ना?" त्यांनी विचारलं, बघा. मला आयतीच वाट करून दिली होती. मी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांदेखत एकाच नंबरावरून दोन वेगवेगळ्या नावांचे अर्ज भरले आणि दोन्ही यादीत आलेले दाखवले. दुरुस्तीनंतरचा फॉर्म होता तो. बघा भाऊ, म्हटलं, दोन्ही आहेत. भाऊंनी मान हलवली. मी तिथे बसले असतानाच त्यांनी रमीलाताईंना फोन लावला आणि फार सांभाळून, फार मऊपणे सांगितलं की आम्ही सगळं तपासलं आहे, आमच्याकडे काही चुकलेलं नाही. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. भाऊ "हो, हो, असू दे, असू दे" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, आपल्या मुलीसाठी माणूस काय करेल सांगता येत नाही. त्यात त्यांना राग नव्हता, उलट कीवच होती. मी मान डोलावली.

ही माझी मान डोलावलेली मला त्या गोड वाक्याहूनही जास्त आठवते. मूग गिळून बसणं वेगळं. मी होकार दिला.

दर्शना वसतिगृहात राहायला आली. उंच, सावळी, केसांना घट्ट वेणी. ऑफिसावरून जाताना न चुकता "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायची. पहिल्याच आठवड्यात एकदा दारात येऊन उभी राहिली आणि विचारलं की तिच्या मैत्रिणींना मागून घेतात का. मी म्हटलं, जागा भरल्या. तेव्हा भरल्या नव्हत्या. हे मला म्हणायची काही गरजही नव्हती, "बघू" म्हटलं असतं तरी चाललं असतं. एकदा खोटं बोलायला लागलं की जिभेला वळण पडतं, मग विचार करावा लागत नाही.

त्या चौघींचं काय झालं, हे मी कधी मुद्दाम विचारलं नाही. कानावर आलं तेवढं सांगते. मंजुळाची मुलगी उंबरगावला कंपनीत पॅकिंगला लागली. एकीचं लग्न ठरलं. एकजण पहाटेच्या गाडीने तलासरीला कॉलेजला जाऊ-येऊ लागली, पुढे टिकली की नाही माहीत नाही. चौथीचं काही कळलं नाही. कदाचित आमच्याकडे आल्या असत्या तरी असंच झालं असतं. कदाचित नसतं. हा हिशेब मी करत नाही, कारण तो करायला बसले की मी आपोआप माझ्या बाजूने करते.

पाड्यात काय झालं, ते मात्र मला घरबसल्या कळलं. कसं? माझ्याच फॉर्ममधून. पुढच्या वर्षी त्या पाड्यातून अर्ज आले तेव्हा मी नंबराची चौकट बघितली. रमीलाताईंचा नंबर एकाही अर्जावर नव्हता. एकाने तलासरीच्या झेरॉक्सवाल्याचा दिला होता, एकाने कुठल्या तरी मामाचा. फोन लावला तर एक बंद, एक भलत्याच्याच घरी लागला. ज्या नंबरावर आख्खा पाडा वर्षानुवर्षं टेकून होता, तो त्यांनी टाकून दिला. उद्या रात्री कोणाच्या पोटात दुखलं तर हाक कोणाला मारत असतील? मी ती यादी प्रिंट काढून, फाइलला लावून, घरी गेले.

पण त्याच्या आधीची एक दुपार राहिली. तीच सांगायची आहे. तिच्याभोवतीच मी एवढा वेळ फिरतेय.

दिवाळीची सुट्टी संपून मुली परत येत होत्या. ट्रंका, पिशव्या, आयांची गडबड. त्यात रमीलाताई आल्या. दर्शना बरोबर नव्हती. वाळल्या होत्या, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, दर्शनाचं नाव काढायचं आहे. ती आता येणार नाही.

मी विचारलं, का? बघा, मी विचारलं. मला विचारायचं धाडस झालं.

रमीलाताई म्हणाल्या, "चार पोरी घरी आन् माझी एकटी इथं. पाड्यात ऱ्हायला लागते ना, मॅडम."

त्यांच्या बोलण्यात माझ्यावर आरोप नव्हता. मी त्याची वाट बघत होते, खरं सांगते. त्या एकदा जरी म्हणाल्या असत्या की तुमचाच कॉम्प्युटर खोटा आहे, तर कदाचित मी — नाही. कदाचित-बिदाचित काही नाही. त्या असं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझंच कायतरी चुकलं असंल. घाईत भरले ना. दर्शना बोलते, आये, तू बटणच दाबलं नसशील."

म्हणजे तोवर त्यांचाही स्वतःवरचा विश्वास उडाला होता. पाच वेळा बटण दाबलेली बाई, आपण दाबलं की नाही, असं मला विचारत होती. आणि ते नक्की माहीत असलेलं जगात एकच माणूस होतं. ते त्यांच्यासमोर बसलं होतं, माऊसवर हात ठेवून.

मी म्हटलं, "होतं असं कधी कधी, ताई."

नाव काढायचाही फॉर्म होता. तोही मीच बनवलेला. मुलीचं नाव, वर्ग, पालकाचं नाव आणि खाली "कारण". कारणाची चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, हा माझाच नियम. कोणी उगाच मुलीला काढून नेऊ नये, म्हणून घातला होता. मी रमीलाताईंना विचारलं, कारण काय लिहू? त्या म्हणाल्या, "तुमीच लिवा काय ते."

मी कीबोर्डकडे बघितलं. कारण मला माहीत होतं. ते एका ओळीत मावत होतं. मी टाइप केलं, "घरगुती अडचण". बटण दाबलं. हिरवी पट्टी आली.

रमीलाताई खुर्चीतून उठून टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. वाकून स्क्रीनकडे बघितलं. "गेला ना, मॅडम?"

गेला, मी म्हटलं.

त्यांनी पर्समधून फोन काढला. "फोटो काढून ठेवते मी आता. मागचे टायमाला नाय काढला." खिडकीच्या उजेडामुळे त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी फोन दोनदा वर-खाली केला. मी माझी खुर्ची मागे सरकवली, स्क्रीन थोडी तिरकी केली, आणि त्यांचा फोटो नीट येईपर्यंत ती तशीच धरून ठेवली.